कॅनरीचे म्यूल आणि फिंचच्या क्रॉस जोड्या : खान्देशातल्या हवेत कसं जमवायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, कारण जळगाव-धुळ्याकडे अजूनही लोकं हेच विचारतात, की झेब्रा फिंच आणि कॅनरी हे दोन छोटे दाणे खाणारे पक्षी एका पिंजऱ्यात ठेवले तर पिल्लं होतील का. नाही होणार भो, कितीही वाट बघा. दाणा जवळपास सारखाच खातात पण कुळ वेगळं. कॅनरीचं जमतं गोल्डफिंच, सिस्किन, लिनेट, ग्रीनफिंच आणि आफ्रिकेतल्या ग्रीन सिंगरशी. झेब्रा, बेंगाली, गोल्डियन, जावा हे दुसऱ्या कुळातले, त्यांचं आपसात कधीमधी जमतं. कॅनरीच्या क्रॉसला म्यूल म्हणतात, बाकी दोन फिंचच्या क्रॉसला हायब्रिड, आणि दोन्हीकडे पिल्लं बहुतेक वांझ निघतात. म्हणजे दरवेळी शुद्ध आईबापापासून परत सुरुवात, हे मान्य असेल तरच या भानगडीत पडा.

दुसरं, बाजरीच्या शेतात थव्याने उतरणाऱ्या मुनियांकडे बघायचं पण नाही. मुनिया आपला भारतीय पक्षी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा. कोणी हिरव्या-गुलाबी मुनिया स्वस्तात देत असेल तर त्या बहुतेक रंगवलेल्या रानातल्याच असतात. गोल्डफिंचचं पण जपून, त्याचा भाऊबंद हिमालयात राहतो, म्हणजे तो पण आपलाच रानातला पक्षी, त्यामुळे पक्षी कुठून आला ते विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका. आपल्याकडे म्यूलसाठी सोयीचा नर म्हणजे पिंजऱ्यातच जन्मलेला ग्रीन सिंगर.

पण माझं मत विचाराल तर पहिला हंगाम कॅनरी-कॅनरीच लावा. त्यातही क्रॉसचे नियम आहेत आणि ते न पाळता लोकं पिल्लं का मरतात म्हणून दाण्याला दोष देत बसतात. तुरेवाला कॅनरी तुरेवालीला कधीच लावायचा नाही, हिशोबाने चारातलं एक पिल्लू अंड्यातच किंवा लहानपणी जातं. ग्लॉस्टर नावाच्या कॅनरीच्या जातीत म्हणून एक तुरेवाला म्हणजे कोरोना आणि एक साध्या डोक्याचा कन्सॉर्ट अशी जोडी लावतात. डॉमिनंट व्हाइट या पांढऱ्या कॅनरीचं पण तसंच, पांढऱ्याला पांढरी लावली की पाव पिल्लं गेली समजा. तिसरं पिसाचं. गडद, चकचकीत, आखूड पिसाच्या पक्ष्याला यलो म्हणतात आणि फिकट, टोकाला पांढुरकी छटा असलेल्या मऊ पिसाच्याला बफ, रंग कुठलाही असो. जोडी यलो-बफ अशीच लावायची. वर्षानुवर्षं बफला बफ लावत गेलात तर पिसं इतकी मऊ होतात की कातडीतून बाहेरच येत नाहीत आणि आत गाठी होतात.

लाल कॅनरी हा पण मुळात म्यूलच्या खटपटीतून आलेला प्रकार. 1920 च्या दशकात जर्मनीत हान्स डुंकर आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी व्हेनेझुएलाचा लाल सिस्किन कॅनरीला लावला. पहिल्या पिढीतल्या माद्या वांझ, पण काही नर फर्टाइल निघाले आणि ते परत कॅनरी माद्यांना लावत लावत तो लाल रंग कॅनरीत उतरला. नुसता जीन असून भागत नाही, पिसं बदलायच्या काळात खाण्यात कॅरोटिनॉइड म्हणजे पिसांना रंग देणारं द्रव्य लागतं. बीट खाऊ घालून कॅनरी लाल होत नाही बरं का, फक्त विष्ठा लाल होते.

आता आपला सीझन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा ब्रीडिंगचं नावच काढायचं नाही, ओलं गोणपाट आणि सावली यावर पक्षी जगवायचे. पावसाळ्याच्या आसपास पिसं बदलतात, तेव्हापासूनच ग्रीन सिंगर नर आणि कॅनरी मादी शेजारी शेजारी, मध्ये जाळी टाकून ठेवा, ओळख होऊ द्या. आणि या मादीला कॅनरी नर दिसायला नको, ऐकू पण यायला नको, नाहीतर ती सिंगरला विचारणारच नाही. त्या हंगामात तिला कॅनरी नर लावलेलाच नको, म्हणजे बाप कोण हा वाद राहत नाही. जोडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावायची. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून संध्याकाळी ट्यूब लावून उजेड हळूहळू 13-14 तासांवर न्या, एकदम नाही, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर चार्जिंगचा छोटा बल्ब ठेवा, अचानक अंधार झाला की मादी घाबरून घरट्यावरून उठते आणि अंधारात परत बसू शकत नाही, धुळ्याच्या थंडीत पहाटेपर्यंत अंडी गार.

मादी निवडताना रंग नंतर बघा, आधी ती पिल्लं नीट भरवते का ते बघा. बारीक अंगाची, आधी एकदा स्वतःची पिल्लं वाढवलेली फिफ (कॅनरीची बारकी जात) किंवा ग्लॉस्टर मादी चांगली, कारण ग्रीन सिंगर लहान असतो आणि मोठ्या मादीवर त्याचं जमत नाही. दांड्या घट्ट बसवा, हलल्या तर अंडी फुसकीच निघतात. मादी चोचीत धागा घेऊन फिरायला लागली आणि नर पंख पाडून गायला लागला की जाळी काढायची. मारामारी झाली तर जाळी परत लावा, घाई नको.

घरट्याला उघडी वाटी. आपल्याकडे घरोघरी कापूस म्हणून लोकं तोच देतात, तो देऊ नका, तंतू पायाला गुंडाळून बोटं सडतात. तागाचे किंवा काथ्याचे धागे बोटभर कापून द्या. दाण्यात कॅनरी सीड, राळा, थोडी खुरासणी, कोवळी मेथी, आणि समुद्रफेस पिंजऱ्याला टांगलेला पाहिजेच, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. उकडलेलं अंडं टोस्टच्या चुऱ्यात मिसळून सकाळी द्यायचं आणि दोन तासात काढून घ्यायचं.

मादी रोज सकाळी एक अंडं घालते. ते प्लास्टिकच्या चमच्याने उचलून राळा भरलेल्या वाटीत ठेवा, जागेवर प्लास्टिकचं अंडं, आणि राळ्यातली अंडी दिवसातून दोनदा फिरवा. शेवटचं अंडं बऱ्याचदा जरा गडद निळसर असतं. चौथं पडलं की सगळी परत ठेवायची, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी निघतात. सिंगर नर अंडी फोडतो, त्याला तेव्हाच बाहेर काढा, कॅनरी मादी एकटी वाढवते. सातव्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून बघा, आत लाल शिरा दिसल्या तर भरलेलं. म्यूलमध्ये रिकामी अंडी जास्तच निघतात, नाराज होऊ नका, पण एका हंगामात मादीकडून दोन-तीनपेक्षा जास्त वेळा अंडी घेऊ नका, खंगते. 13-14 दिवसात पिल्लं फुटतात. फेब्रुवारीत आपली हवा कोरडी, शेवटच्या दोन-तीन दिवसात आंघोळीचं भांडं द्या, ती ओल्या पोटाने बसते आणि कवच सुटं राहतं. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायला विसरू नका, मुंग्या एका रात्रीत घरटं साफ करतात.

झेब्रा-बेंगाली करायचा असेल तर एक युक्ती आहे. झेब्राची अंडी बेंगाली जोडीखाली उबवा, तिच्या हाताखाली वाढलेला झेब्रा नर मोठेपणी बेंगाली मादीच्याच मागे लागतो. क्लाउस इमेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने हे प्रयोग करून दाखवलेलं. हे कॉलनीत नको, जोडी वेगळ्या पिंजऱ्यात, आणि घरटं बंद डब्याचं किंवा मटक्याचं.

पिल्लांना पाच ते आठ दिवसांत रिंग घाला आणि वहीत आईबाप लिहून ठेवा. महिनाभराने ती स्वतः दाणा फोडायला लागली की वेगळी करा, पण अंड्याचा चुरा एकदम बंद करू नका. म्यूल कुणाला देताना हा वांझ निघणार, पुढे पिल्लं होणार नाहीत, हे सांगूनच द्या, चार महिन्यांनी फोन येतो तो याच कारणाने येतो.