रिमोट डेस्कटॉपमधून प्रिंट निघत नसेल तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसांचं चित्र ठरलेलं: हिशेबाचं सॉफ्टवेअर लांबच्या सर्व्हरवर (ते रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे सर्व्हरचा पडदा आपल्या पीसीवर आणून वापरायचं), आणि चलन छापायचा डॉट मॅट्रिक्स टेबलाला खेटून. ट्रक गेटवर थांबलाय आणि यादीत आपला प्रिंटरच दिसत नाही. अशा वेळी लगेच ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकत बसू नका.

आधी रिमोट बाजूला ठेवून आपल्याच पीसीच्या नोटपॅडमधून एक ओळ छापा. ती निघाली नाही, तर केबल, कागद नि इथलाच ड्रायव्हर बघा. निघाली, तर घोळ सेशनचा, म्हणजे सर्व्हरशी झालेल्या जोडणीचा.

मग सेशनमधून साइन आउट करा. नुसती फुली दाबून चालत नाही. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून 'शो ऑप्शन्स', पुढे 'लोकल रिसोर्सेस', तिथं 'प्रिंटर्स'वर टिक. डेस्कटॉपवरच्या आयकॉननं जोडत असाल तर त्यावर राइट क्लिक करून 'एडिट'मध्ये टिक करा आणि 'जनरल'मध्ये येऊन सेव्ह करा. हे सेव्ह करायचंच बरेच जण विसरतात.

आता प्रिंटरच्या नावापुढे 'रीडायरेक्टेड' आणि एक आकडा दिसेल. हा आकडा सेशनगणिक बदलू शकतो, त्यामुळं सॉफ्टवेअरला जुनं नाव सापडत नाही. प्रिंटर नव्यानं निवडा.

खरी डोकेदुखी डॉट मॅट्रिक्सची. विंडोज सर्व्हर २००८ पासून रिमोटवरून छापायची 'ईझी प्रिंट' ही सोय आलीय. सर्व्हरवर प्रिंटरचा ड्रायव्हर लागत नाही, लेझरचं काम झकास होतं. पण त्यात पान चित्रासारखं येतं. डॉट मॅट्रिक्सचं हेड एकाच ओळीवर घासत बसतं, अक्षरं पुसट येतात, सलग कागदाचं माप सरकतं. त्यावर उपाय म्हणजे मूळ ड्रायव्हर सर्व्हरवरही टाकणं आणि ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरच्या नियमांच्या सेटिंगांत) ईझी प्रिंटला पहिला मान देणारी सेटिंग बंद करणं. ड्रायव्हरचं नाव दोन्हीकडं अक्षरशः एकच हवं. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये ते दिसतं. नाव जुळलं नाही तर सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ११११ नंबरची नोंद पडते. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून ड्रायव्हर टाकायला ॲडमिन हक्क लागतात, म्हणजे हे काम सर्व्हरवाल्याचंच.

प्रिंट रांगेत अडकली असेल तर 'प्रिंट स्पूलर' ही छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस रीस्टार्ट करा. आपल्या पीसीवर बिनधास्त, सर्व्हरवर मात्र विचारून. तिथं सगळ्यांचीच छपाई थांबते.

टिक असूनही प्रिंटर येत नसेल, तर सर्व्हरवाल्याला फोन लावून एवढंच विचारा, "क्लायंट प्रिंटर रीडायरेक्शन पॉलिसीतून बंद केलंय का?"