ग्राउंड पिनचा ड्राय सोल्डर: बीप येते, पण बोर्ड चालत नाही

बोर्ड हलवला की सप्लाय जातो, मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी टेस्टला (जोडणी सलग आहे का ते बघणारी) मात्र बीप येते. अशा वेळी मी आधी डीसी जॅकची (अडॅप्टर जोडायच्या सॉकेटची) ग्राउंड पिन बघतो. बीप टेस्टचा करंट अगदी कमी असतो, त्यामुळे अर्धवट चिकटलेला, म्हणजे ड्राय, जॉइंटही पास होतो. लोड (करंट खेचणारं काहीतरी) लावून लाकडी काडीने पिन हलकेच दाबायची; व्होल्टेज नाचलं की दोष तिथेच.

भिंगातून पाहिलं तर पिनभोवती बारीक काळी रिंग दिसते, सोल्डर गोळ्यासारखं बसलेलं असतं. कारण साधं आहे: ग्राउंडचं रुंद तांबं उष्णता ओढून घेतं आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकदार बिटने (टोकाने) पॅड, म्हणजे पिनभोवतीचं बोर्डवरचं तांबं, पुरेसा तापतच नाही. तापमान ४२० अंशांवर नेऊ नका, पॅड उचकटतो. बिट बदला.

मी २.४ मिमीची चपटी बिट, ३५० अंश आणि भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचं रसायन) वापरतो. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) पूर्ण काढायचं, पिन काळी असेल तर खरवडायची. मग बिट पिन आणि पॅड दोघांना एकदम टेकवायची, दोन-तीन सेकंदांनी ६३/३७ ची (६३% कथील, ३७% शिसं) सोल्डर तार बिटला नव्हे, जॉइंटला लावायची. सोल्डर भोकातून पलीकडे उतरलं पाहिजे. तरीही उतरत नसेल तर बोर्ड खालून हॉट एअरने साधारण १०० अंशांपर्यंत तापवा. बिट काढल्यावर पिन गार होईपर्यंत अजिबात हलवायची नाही. शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने फ्लक्स धुऊन परत लोडवरच तपासा.