गाडीतला सायलेन्सरचा घुमणारा आवाज असा घालवा

फ्री-फ्लो (धूर कमी अडथळ्याने जाऊ देणारा) सायलेन्सर बसवला की हायवेवर एका ठराविक स्पीडला केबिनमध्ये घूंऽऽ असा आवाज भरतो. कोल्हापुरातून कागलपर्यंत जाईस्तोवर डोकं उठतं. सायलेन्सर बदलायच्या आधी हे करा.

१. गाडीखाली वाकून बघा. सायलेन्सरचे रबर कडक झालेत का, पाइप कुठे बॉडीला टेकतोय का? पुष्कळदा एवढ्यातच काम भागतं.

२. नसेल तर आवाज नेमका किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) घुमतो ते शेजारी बसलेल्याला टिपून घ्यायला सांगा. चार सिलिंडर असतील तर त्या आकड्याला 30 ने भागा, तीन असतील तर 40 ने. आता 100 ला त्या उत्तराने भागा, की हा आवाज दाबायला जोडायच्या पाइपची लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे चार सिलिंडरला 2400 आरपीएमवर 80, आणि पाइप साधारण सव्वा मीटर.

३. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून मेन पाइपच्याच मापाचा, एक तोंड बंद असलेला पाइप सायलेन्सरजवळ फाटा काढून जोडून घ्या. जागा नसेल तर वाकवला तरी चालतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा.

लांबी पहिल्यांदा थोडी जास्तच ठेवा, बंद तोंडाचं टोपण नुसतं वेल्डिंगच्या एकदोन टाक्यांवर धरा आणि चक्कर मारून या. घुमणं टिपलेल्या आकड्यापेक्षा कमी आरपीएमला दबत असेल तर थोडा कापा. बरोबर जमलं की मगच टोपण पक्कं वेल्ड करा. तेव्हा बारीक भोकही राहू देऊ नका.

फाटा ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या लाइनपासून लांबच हवा, तो चांगलाच तापतो.