हळद, बेदाणा, गूळ: तीन कंट्रोलर, टेम्पलेट एकच

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी रेल्सवर (रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कवर) ॲप करायला घेतलं की हळद, बेदाणा आणि गूळ असे तीन कंट्रोलर, म्हणजे पानाची मागणी घेऊन उत्तर देणारे कोडचे भाग, बघता बघता उभे राहतात. आवक नोंदवणं, सौद्याचा दर चढवणं, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद) काढणं ही कामं तिन्हीकडे तीच. मग हळदीच्या टेम्पलेटच्या (पान कसं दिसेल ते सांगणाऱ्या) फाइली कॉपी करून बेदाण्याच्या फोल्डरात टाकल्या जातात, तिथून गुळाच्या. पुढे पट्टीत तोलाईचा (माल तोलण्याच्या खर्चाचा) रकाना वाढवायचा झाला की तीन ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एखादं ठिकाण हमखास राहून जातं.

हे टाळायची सोय रेल्समध्ये ३.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. 'सौदे' नावाचा एक पॅरेंट कंट्रोलर करा. तिन्ही कंट्रोलर ॲप्लिकेशन कंट्रोलरऐवजी त्याच्यापासून इनहेरिट करू द्या, म्हणजे त्याचा वारसा घेऊ द्या. इंडेक्स, शो आणि फॉर्मच्या फाइली व्ह्यूजमधल्या सौदे फोल्डरात हलवा आणि जुन्या कॉपी खरोखर पुसून टाका. हळदीचं पान मागितलं की रेल्स आधी हळदीचं फोल्डर बघतं, मग सौद्याचं, मग ॲप्लिकेशनचं, आणि जिथे आधी सापडेल तिथली फाइल घेतं. म्हणूनच विसरलेली जुनी फाइल घात करते: सौद्यातली फाइल कितीही बदलली तरी पडद्यावर फरक दिसत नाही.

पॅरेंटला राउट (वेब पत्ता) देऊ नका. त्यातल्या मदतीच्या मेथड प्रायव्हेट ठेवा, नाहीतर त्या ॲक्शन, म्हणजे बाहेरून मागता येणारी पानं, ठरतात. टेम्पलेटला माहिती पोचवणाऱ्या इन्स्टन्स व्हेरिएबलचं नावही तिन्हीकडे एकच हवं: सगळीकडे 'लॉट्स'.

आता जिथे माल वेगळा, तिथे पान वेगळं. हळदीला हळकुंड की गड्डा हे लागतं, बेदाण्याला हिरवा, पिवळा की काळा. यासाठी सगळं इंडेक्स पुन्हा लिहू नका. फक्त टेबलाची ओळ पार्शलमध्ये, म्हणजे पानाच्या तुकड्याच्या वेगळ्या फाइलमध्ये, काढा. साधी ओळ सौदे फोल्डरात आणि बेदाण्याची खास ओळ त्याच नावाने बेदाण्याच्या फोल्डरात. इथे एक बारकावा सांभाळा: पार्शल रेंडर करताना नुसतं 'ओळ' लिहा. 'सौदे', स्लॅश, 'ओळ' असं लिहिलंत की रेल्स थेट त्या फोल्डरात जातं आणि बेदाण्याची फाइल कधीच उघडत नाही.

रेंडरला नुसतं कलेक्शन (नोंदींची यादी) दिलं तरी गडबड होते. तेव्हा पार्शलचं नाव कंट्रोलरवरून नाही, मॉडेलवरून (डेटा सांभाळणाऱ्या क्लासवरून) ठरतं. म्हणून पार्शल, कलेक्शन आणि 'ॲज' (पार्शलमधल्या प्रत्येक नोंदीचं नाव) हे तिन्ही स्पष्ट लिहा. फॉर्मचंही तसंच: 'फॉर्म विथ' पॅरामीटरची 'की' (ओळखीचं नाव) मॉडेलच्या नावावरून बनवतो, त्यामुळे पॅरेंटमधल्या परमिटला (चालणारी माहिती निवडणाऱ्या कोडला) ती सापडत नाही. 'स्कोप' म्हणून 'लॉट' द्या.

भाषांतराच्या फाइली वापरत असाल तर टिंबाने सुरू होणारी 'की' जपून वापरा. ती टेम्पलेटच्या जागेवरून ठरते, म्हणून तिन्ही पानांवर एकच मथळा येतो. मथळ्याच्या कीमध्ये कंट्रोलरचं नाव जोडा. फ्रॅगमेंट कॅशला (पानाचा तयार तुकडा साठवून ठेवणाऱ्या सोयीला) नुसती 'हेडर' अशी स्ट्रिंग दिली तर त्याहून वाईट: टेम्पलेट एकच असल्याने 'की' एकच, आणि बेदाण्याच्या पानावर हळदीचे रकाने झळकतात. तिथेही कंट्रोलरचं नाव कीमध्ये घाला.

सगळ्यात महाग पडणारी चूक एककाची. हळदीचा दर क्विंटलला, बेदाण्याचा किलोला. सामाईक पट्टीत कुणी वजनाला शंभराने भागून ठेवलं, तर बेदाणा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीवर रक्कम शंभरपट कमी उमटेल. हा हिशेब टेम्पलेटमध्ये असताच कामा नये. प्रत्येक मॉडेलने आपलं एकक आणि रक्कम स्वतः सांगावी. टेम्पलेटने फक्त छापावं.

सामाईक फाइलमध्ये 'कंट्रोलर बेदाण्याचा असेल तर' अशी अट दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली, तर तो भाग पार्शलमध्ये काढायचा झाला आहे असं समजा. पार्शल सापडलं नाही तर एररमध्ये शोधलेल्या जागा क्रमाने लिहिलेल्या असतात. यादीत सौदे दिसत नसेल तर इनहेरिटन्सची ओळ राहिली आहे किंवा नावात स्लॅश आला आहे. आणि टेस्ट तिन्ही कंट्रोलरच्या इंडेक्स व पट्टीवर स्वतंत्र ठेवा, कारण आता सौदे फोल्डरातला एक बदल एकाच वेळी तिन्ही मालांच्या पट्ट्यांवर जातो.