एरर नाणं सापडलं? आधी या चुका टाळा

टांकसाळीत पाडतानाच चूक झालेलं नाणं म्हणजे एरर नाणं, संग्राहक त्याला जास्त भाव देतात. मध्यंतरी ओळखीच्या एका काकांनी दोन्ही बाजूंना छापाच असलेला रुपया आणून दाखवला. पंधराशे रुपये मोजले होते त्यांनी. फरशीवर टाकला तर आवाज बद्द आला. भिंगाखाली धरला, तर कडेच्या आतून केसाएवढी रेघ गोल फिरलेली. एक नाणं आतून कोरायचं, दुसरं घासून त्यात चपखल बसवायचं, असा तो उद्योग. काकांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे लिहितोय.

माझी कसोटी एकच. टांकसाळीत ही चूक कशी घडली असेल हे सांगता आलं नाही, तर त्या नाण्याला मी एरर म्हणत नाही.

नवे संग्राहक सगळ्यात जास्त फसतात ते सालाखालच्या खुणेला. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं, ते ही खूण सांगते. हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर नाणं कोलकात्याचं, ‘खूण छापायची राहिली’ म्हणून त्याला भाव देऊ नका. १९८५ च्या रुपयावर एच अक्षर दिसलं, तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेला. दहा रुपयांच्या नाण्यावरच्या १० आणि १५ रेषांचंही तेच, दोन्ही डिझाइनं अधिकृत आहेत. हे प्रकार जरूर जमवा, पण एररच्या भावाने घेऊ नका.

डाय, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारा ठसा, फिरलाय का, हे पाहायला नाणं वरखाली दोन बोटांत धरून फिरवा. सिंहमुद्रा सरळ असेल तर आपल्या नाण्याची मागची बाजूही सरळच यायला हवी. ही कसोटी भाचीने अमेरिकेहून आणलेल्या क्वार्टरला मात्र लावू नका, तिकडे मागची बाजू मुळातच उलटी असते. आणि पाच-दहा अंशांच्या फरकाला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माझ्या सर्वात आवडीचा प्रकार म्हणजे क्लिप, कडेचा घास गेलेलं नाणं. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की आधीच्या भोकाचा भाग नव्या चकतीत येतो. पुढे कड उठवायला ती चकती यंत्रात दाबत फिरवतात. तुटलेल्या जागी दाबच बसत नाही, त्यामुळे बरोबर समोरची कडही नीट उठत नाही. अस्सल क्लिपमध्ये समोरची कड बहुतेकदा पुसट, सपाट दिसते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठणठणीत असते, शिवाय घासलेल्या जागी आडव्या रेघा चमकतात. समोरची बाजू न बघता क्लिप विकत घेऊ नका.

वजनकाट्याशिवाय बाजारात जाऊच नये. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २२ मिलिमीटरचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे आणि २५ मिलिमीटरचे. ‘दोनचा ठसा रुपयाच्या चकतीवर’ असं कुणी सांगितलं, तर काट्यावर ३.७९ च्या आसपास आकडा यायला हवा. भलताच आला आणि अक्षरंही झिजल्यासारखी दिसली, तर नाणं अ‍ॅसिडमध्ये बुडवून बारीक केलेलं असू शकतं.

अक्षरं दुहेरी दिसली की लगेच ‘डबल डाय’, म्हणजे डायवरच अक्षरं दुहेरी उमटलेली, असं म्हणू नका. दुसरी रेघ चपटी, पायरीसारखी असेल, तर ठोकताना डाय किंचित सरकलेला असतो. असं फार घडतं आणि त्याला किंमत नाही.

किमतीचं म्हणाल, तर ऑनलाइन जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याची मागणी असते. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणत कुणी आधी कमिशन किंवा कर मागितला, तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जातात, असा इशारा खुद्द बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिला होता.

आणि कृपा करून नाण्याला चिंच-मीठ लावू नका. मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही. कडेला धरा, वजन आणि व्यास पाकिटावर पेन्सिलीने लिहा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. नाणं दाखवायला येणाऱ्यांकडे मी आधी एवढंच मागतो.