डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असाल तर हे आधी वाचा

बाबांना शुगर आहे त्यामुळे दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायला गोव्यात फोंड्याहून बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, आणि दरवेळी तिथे कुणीतरी भेटतंच जे एकटेच स्कूटरवर आलेले असतात आणि थेंब घातल्यावर विचारतात आता घरी कसं जाऊ. म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, सोबत माणूस न्या, नाहीतर कदंबाच्या बसने जा. साध्या तपासणीला बहुतेक ट्रॉपिकामाइड नावाचं औषध असतं, कधी त्यात फेनिलएफ्रिनही असतं. बाहुली मोठी व्हायला २०-३० मिनिटं लागतात, आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांना जरा जास्तच, दोन-तीनदा थेंब घालावे लागतात. मग पुढचे ४ ते ६ तास, कुणाकुणाला दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळचं धूसर दिसतं आणि ऊन अक्षरशः टोचतं. मांडवीच्या पुलावर दुपारी पाण्यावरून जी तिरीप येते ती अशा डोळ्यांनी गाडी चालवताना फार धोक्याची आहे, तेव्हा नीट दिसेपर्यंत हँडलला हात लावू नका. गॉगल आणि टोपी घरूनच घेऊन जा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्या संध्याकाळी पेनवरचा आकडा वाचता येत नाही. घरातल्या कुणाकडून तरी बघून घ्या, अंदाजाने डोस घेऊ नका.

थेंब घालायच्या आधी सिस्टरला स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर सांगा कारण फेनिलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, काचबिंदू असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद आहे असं कधी कुणी म्हटलं असेल, तुम्ही गरोदर असाल, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील, आधी कुठल्या थेंबांची अ‍ॅलर्जी आली असेल, सगळं सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.

घरी घालायला दिले असतील तर हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब सोडा, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. बाटलीचं टोक कशालाही लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, ही गोष्ट बहुतेक जण करत नाहीत पण सगळ्यात कामाची हीच आहे, कारण थेंब तिथूनच नाकात घशात उतरतो (तो कडवटपणा येतो ना, तो त्याचाच) आणि रक्तात जातो. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपा. चष्म्याचा नंबर काढायला कधी अ‍ॅट्रोपिन देतात, त्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे राहतो. घातल्यावर मुलाचे हात आणि गाल पुसून घ्या, तोंडात गेलं तर विषारी आहे. चेहरा लाल झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं, मूल असंबद्ध बोलायला लागलं तर थेंब बंद करून लगेच डॉक्टरांकडे. अ‍ॅट्रोपिन म्हणजे धोतऱ्यात असतं तेच, महाशिवरात्रीला धोतरा तोडून तोच हात डोळ्याला लावला तरी बाहुली मोठी होते.

उरलेली बाटली ठेवू नका. आमच्याकडे मावशीचे होमॅट्रोपिनचे (हेही बाहुली मोठी करणारेच) थेंब फ्रीजच्या दारात राहिले होते आणि आईने डोळे लाल झाले म्हणून तेच घातले, दोन दिवस तिला पेपर वाचता आला नाही. ती घाबरली आणि आम्हीही. उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्या, आणि दुसऱ्याच्या डोळ्यात तर कधीच नको.

थेंबांनंतर त्याच दिवशी किंवा रात्री डोळा प्रचंड दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, उलटी झाली, तर पित्त झालं म्हणून झोपून राहू नका. क्वचितच होतं, पण डोळ्यातलं प्रेशर अचानक वाढल्याचं हे लक्षण आहे आणि उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, त्यामुळे सकाळची वाट न बघता गोमेकॉच्या (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि कुठले थेंब किती वाजता घातले होते ते कागदावर लिहून सोबत न्या.