धानीत एक तीव्र मध्यम घाला: ब्लूज स्केल

फोंड्यात माझ्याकडे गिटार शिकायला येणारी बरीच मुलं आधी देवळातल्या भजनाला पेटी वाजवून आलेली असतात. त्यांना मी एवढंच विचारतो, धानी राग येतो ना? सा, कोमल ग, म, प, कोमल नी. गिटारवाले यालाच मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. म आणि प यांच्या मधोमध तीव्र मध्यम घातला की झालं ब्लूज स्केल, म्हणजे ब्लूज या अमेरिकी संगीताची सरगम.

सा धरा पांढरी सहामध्ये, म्हणजे गिटारच्या ए वर. तर्जनी पाचव्या फ्रेटपाशी (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), हात तिथून हलवायचा नाही, एका फ्रेटला एक बोट. सर्वांत जाड सहाव्या तारेवर फ्रेट ५ आणि ८; पाचवीवर ५, ६, ७; चौथीवर ५, ७; तिसरीवर ५, ७, ८; दुसरी-पहिलीवर पुन्हा ५, ८. दोन दिवसांत पाठ होतं, त्यात काही नाही.

गोची आहे ती तीव्र मध्यमाची. कळंगुटला एका शॅकवर पहिल्यांदा वाजवायला बसलो तेव्हा नवा सूर हाती लागल्याच्या आनंदात मी त्याच्यावरच मुक्काम ठोकला. ड्रमरने मान वळवून पाहिलं. मला वाटलं, दाद देतोय! त्या सुरावर न्यास, म्हणजे मुक्काम, नको. म वरून प ला चढताना किंवा प वरून म, ग, सा असं उतरताना त्याला नुसतं शिवून जायचं.

आता पेटीवर जन्मात होणार नाही ते करा. तिसऱ्या तारेचा आठवा फ्रेट वाजवून तो सूर कानात ठेवा. मग सातव्यावर अनामिका, तिच्या मागे आधाराला मधली आणि तर्जनी, आणि तार वर ढकला, आठव्याचा सूर येईपर्यंत. जोर मनगटाचा, बोटांचा नव्हे. (आमच्या पावसात तारा लवकर गंजतात. खरखरीत तारेवर बोटं सोलून घेऊ नका, तार बदला.)

त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवर कोमल गांधार आहे. साथीच्या ए सेव्हन कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) मात्र शुद्ध गांधार असतो. म्हणून कोमलाला किंचित ढकलायचं, शुद्धापर्यंत पोचू द्यायचं नाही. जोग रागात दोन्ही गांधार येतात, पण आपापल्या जागी. इथे दोघांच्या मधल्या फटीतच रस आहे.

साथीला बारा बारचं चक्र लावा (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा): चार बार ए सेव्हन, दोन डी सेव्हन, दोन ए सेव्हन, एक ई सेव्हन, एक डी सेव्हन, दोन ए सेव्हन. सुरुवातीला सगळ्यावर हेच सहा सूर चालतात. दोन बार गा, मग तेच दोन बार वाजवा. न गाता वाजवलं तर बोटं जिना चढल्यासारखी वरखाली करत राहतात.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनची स्लाइड गिटारही (तारेवर काही घसरवत वाजवलेली). दोन्ही पाठोपाठ ऐका. विली शब्द गातच नाही, नुसता हुंकारतो, आणि तारेवरची स्लाइड त्या हुंकाराच्या मागून घसरत जाते. ती मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, आधी गळ्यातून काढून बघा, गिटार नंतर उचला.